कुणाला सांगितलंस?

कुवेतमधल्या सालमियाच्या त्या फ्लॅटमध्ये कामाला लागून खतिजाला सहा महिने झाले, तरी मरियमअम्माचा डावा हात तिने उघडा पाहिला नव्हता. अंघोळीलासुद्धा म्हातारी बाही भिजू द्यायची, पण वर करू द्यायची नाही. गोरीपान, मुंबईची हिंदी बोलणारी, कुवेती व्यापाऱ्याची ही विधवा मूळची कुठली, हे तिच्या सुनेलाही धड ठाऊक नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं खतिजाच्या मनाने घेतलं.

एका सकाळी अम्मा चक्कर येऊन पडली. कोपरातून रक्त येत होतं, म्हणून खतिजाने बाही कापली. आत निळसर आकडा गोंदलेला. कैद्याचा नंबर! हिने कुणाचा जीव तर घेतला नसेल? तिने लगेच मंगफ भागात राहणाऱ्या नवऱ्याला, साबीरला, फोन लावला.

अम्मा शुद्धीवर आली. उघडा हात बघून तिने तो पोटाशी धरला.

"कुणाला सांगितलंस?"

"आधी तुम्ही सांगा, गुन्हा काय केला होतात?"

"यहुदी म्हणून जन्मले."

मग ती बोलत राहिली. सोळाव्या वर्षी हंगेरीतून आगगाडीत कोंबून जर्मन छावणीत नेलं. आई आणि धाकटी बहीण त्याच दिवशी संपल्या. युद्धानंतर ती गावी परतली, तर शेजारीण त्यांच्याच घरात राहत होती. "दारातूनच म्हणाली, तू जिवंत कशी? आमच्याकडे शिपाई तिनेच आणले होते. मग मी मुंबईला मामाकडे आले, तिथे लग्न झालं, नाव बदललं. आता खरं सांग. कुणाला?"

"नवऱ्याला," खतिजा म्हणाली. "पण फक्त आकड्याचं."

आता न्यायला कोणीतरी येणार, म्हणून अम्माने बूट चढवले आणि ती दाराकडे तोंड करून बसली. दोन दिवस खतिजाच्या हातचं काही खाल्लं नाही.

शुक्रवारी खतिजा साबीरलाच घेऊन आली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"अम्मा, मी कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही."

"कशावरून?"

"ते आज नाही दाखवता येणार. दिवसामागून दिवस जातील आणि तुम्हाला न्यायला कोणी येणार नाही, तेव्हा तुम्हालाच कळेल."

अम्मा बराच वेळ त्याला निरखत होती. मग तिने खुर्ची दाखवली, आणि खतिजाकडे जेवण मागितलं.

"बहिणीचं नाव युडिट," घास हातात धरून ती म्हणाली. "आठ वर्षांची होती."

त्यानंतर ती थोडंथोडं सांगू लागली. जिन्यात पावलं वाजली की मात्र अजून थांबते, आणि आवाज दूर गेल्यावरच पुढचं बोलते.