नोंग तिबोचं रिकामं म्यान

मी नोंग तिबोचा कोयता; नोंग म्हणजे आमच्याकडे दादा. माझ्या मुठीला दोऱ्याने बांधलेली ही चिठ्ठी दिसते ना, तिच्यावर 'पुरावा अ' असं लिहिलंय. ती ओढू नका, मालकाला खपत नाही. का, ते सांगतोच.

माझा जन्म लेते बेटावरच्या डोंगरात, एका मोडक्या जीपच्या पाट्यातून झाला. लोहाराने फणसाच्या लाकडाची मूठ दिली आणि त्याच लाकडाचं म्यान. तेव्हा तिबोला मिसरूड फुटत होतं. आता त्याच मिशीत काळा केस शोधावा लागतो.

आमचं काम माडी काढायचं. माडावर चढायचं, पोयीचं, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक पातळ कापायचं, साचलेला रस खांद्यावरच्या बांबूच्या नळ्यात ओतायचा, की पुढचा माड. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पोय एक वेळ चुकली तर रुसते, दोन-चार दिवस चुकली तर वाळूनच जाते. तिला रविवार कळत नाही. "माझ्या बाळंतपणात हा माणूस झाडावर होता," असं त्याची बायको नांग सिद्रा, म्हणजे सिद्राताई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि सांगता सांगता त्याच्याच माडीचा पेला पाहुण्याच्या हातात देते.

रविवारीच घात झाला. गावाच्या जत्रेसाठी मोरीपाशी नाकाबंदी होती. पादेर्नाल नावाचा पोलीस, शहरातून नवीनच आलेला. तिबो पाचव्या माडावरून उतरून सहाव्याकडे निघाला होता.

"कमरेला काय आहे?"

"कोयता."

"रविवारी?"

"रविवारी काय घरी ठेवू, साहेब? मला एकट्याला चढता येत नाही."

पादेर्नालला हा टोमणा वाटला. तिबोने खरं ते सांगितलं होतं.

ठाण्यात 'विनाकारण हत्यार बाळगलं' असा गुन्हा लिहिला आणि मला टेबलावर ठेवून इंच मोजले. पात्यावर लाल डाग होता. माडीत घालायच्या खारफुटीच्या सालीची ती पूड. पण कागदावर 'रक्तासारखा डाग' असं लिहिलं गेलं. बांबूचा नळाही माझ्या शेजारीच होता. त्याचं पुढे काय झालं ते मी पाहिलं. चौघं होते, सोबत सुका मासा होता. कागदावर मात्र नळ्याचा उल्लेख आला नाही. मला विचारतो कोण?

तिबोला जामिनावर सोडलं, म्यान त्याच्याकडेच राहिलं आणि मुठीला ही चिठ्ठी बांधून माझी रवानगी कोर्टातल्या लोखंडी कपाटात झाली. तिथे शेजार मात्र चांगला मिळाला. मला शेजाऱ्याची चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही. वरच्या खणात एक गावठी पिस्तूल होतं, त्याचं प्रकरण मोठ्या कोर्टात जायचं होतं, म्हणून ते कुणाशी बोलत नसे. खाली एक घडीचा चाकू.

"तुझा मालक काय म्हणतोय?" मी त्याला विचारलं.

"कबूल करणार. इथे बहुतेक जण तेच करतात. दहा मिनिटांत निकाल, दंड, आणि माणूस जेवायला घरी."

"आणि तू?"

"मी सरकारजमा. मग भट्टीत."

दुसऱ्या दिवशी त्याला नेलं. तो परत आला नाही.

आमची तारीख आली, मला कपाटातून काढून कोर्टाच्या दाराशी आणलं. माझ्या अंगावर काटा यायची सोय नाही, नाहीतर आला असता. बाहेरच्या बाकावर तिबोची वकील विल्माबाई त्याला समजावत होती. गरिबांसाठी कोर्टानेच नेमलेली, आवाज बसलेला, हातात चौदा फायली.

"नोंग, कबूल केलंत तर आजच दंडावर सुटाल. कोयता जाईल. लढायचं तर तारखांना यावं लागेल."

"कबूल कर," नांग सिद्रा म्हणाली. "तारखेला बस धरायची तर दुपारची चढाई बुडते. दोन पोयी आधीच वाळल्यात. कोयता दुसरा मिळेल."

"असा नाही मिळायचा."

"माझ्याबद्दल कधी असं म्हणाला नाहीस."

सिद्राचं चुकत नव्हतं, हे मलाही कळत होतं.

न्यायाधीशबाईंनी मला समोर ठेवायला सांगितलं. तिबोने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्याच्या कमरेला रिकामं म्यान होतं. दारावरच्या शिपायाने ते उलटं करून झटकून पाहिलं होतं आणि हसून आत सोडलं होतं.

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल, मॅडम. हा माझाच आहे. नाही कसं म्हणू, त्याच्या देखत?"

बाईंनी चष्मा काढला. "मग आज हे रिकामं म्यान कशाला बांधलंय?"

"ते नसलं की चाल तिरपी होते, मॅडम. पहाटे चढलो, आता परत जाऊन चढायचंय. मेव्हण्याचा कोयता आहे, पण तो यात बसत नाही. पिशवीत घेऊन चढतो."

"रविवारीसुद्धा चढता?"

"पोयीला कुठे रविवार कळतो?"

बाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. "कामाचं हत्यार कामावर बाळगणं हा गुन्हा नाही. तुमचं बोलणं एक सांगतंय आणि तुमची कबुली दुसरंच. ही कबुली मी घेत नाही. साक्षीदार बोलवा."

बाहेर पडताना सिद्राचा आवाज ऐकू आला. "बाई घरी सोडत होत्या, आणि हा मेला गप्पा मारत बसला."

पुढच्या तारखेपर्यंत मी कपाटात एकेक दिवस मोजला. पादेर्नाल साक्षीला आला, गणवेशाला कडक इस्त्री.

"त्याच्या खांद्यावर काय होतं?" विल्माबाईंनी विचारलं.

"नळा. बांबूचा."

"कागदात नाही तो."

"परत दिला, मॅडम."

"भरलेला परत दिलात?"

पादेर्नालने बुटांकडे पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. "रिकामा."

"मग माडी कुठे गेली?"

"आम्ही... प्यायलो."

"ताजी होती की शिळी?"

"ताजी, मॅडम," तो पटकन म्हणाला. चांगल्या वस्तूला नावं ठेवणं त्याच्याही स्वभावात नव्हतं. "नुकतीच काढलेली. गोड होती."

सरकारी वकिलांनी फाईल मिटली. न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. तिबो निर्दोष सुटला आणि मला मालकाच्या हवाली करायचा हुकूम झाला.

तिबोने मला म्यानात सरकवलं. जुन्या दाराला कडी बसावी तसा आवाज आला. सिद्राने तोंड फिरवून डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, बस जाईल."

तोवर सातांपैकी तीन माडांच्या पोयी वाळल्या होत्या. आम्ही नव्या पोयी बांधल्या आहेत, येईल रस.

चिठ्ठी मात्र तिबो काढू देत नाही. "कोर्टाचा शिक्का आहे तिच्यावर," म्हणतो. हल्ली नाकाबंदीवर तो आधी चिठ्ठीच दाखवतो. पादेर्नाल ती दरवेळी नीट वाचतो, हातातून सोडतो, आणि जरा वेळाने नळ्याकडे बघतो. तिबो त्याला एक पेला ओतून देतो.

तुमच्याही वाटेत कुणी कमरेला पातं लावलेला माणूस आला, तर हरकत नाही, घाबरा. पण आधी त्याच्या खांद्यावर काय आहे ते बघा, आणि मग माझ्याकडे.