देवाच्या तोंडावर उमटलेली मुलगी

नवरा गेल्यावर छापखाना मीच चालवला, कुणाच्या उपकारावर नाही. वाचायला मला जेमतेम येतं. मशीन सून बघते.

देवस्थानाच्या उघड्या टाकीत शिंपीणबाईची मुलगी बुडून मेली. टाकीला झाकण का नव्हतं, एवढंच विचारणारं पत्रक शिंपीणबाईला छापायचं होतं. बाकीच्या छापखान्यांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. सुनेनं काम घेतलं. वर मुलीचा फोटो, खाली प्रश्न.

शाई नीट बसेपर्यंत पहिले कागद वायाच जातात. त्यासाठी कोरा कागद कुणी वापरत नाही, जुन्या छपाईतले बिघडलेले लावतात. सुनेनं हाताला आले ते लावले. ते निघाले देवाच्या कॅलेंडरचे. देवाच्या तोंडावर मुलीचं तोंड उमटलं. कागद रद्दीत गेले, रद्दी किराणावाल्याकडे, आणि त्यात बांधलेला साबण गेला देवस्थानाच्या विश्वस्ताच्या घरी.

झालं. दारात ही गर्दी. पुढे विश्वस्ताचा पुतण्या, बाजूला फौजदार, हातात साबणाचा तो कागद घेऊन.

"आजी, देवाची विटंबना झालीय. सुनेला बाहेर काढा."

"सून काय मांजर आहे, बाहेर काढायला? कागद वाचलास का रे?"

"वाचायचंय काय त्यात? दिसतंय की."

"खाली प्रश्न आहे. तुझ्या काकालाच विचारलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीची जीभ फार चालते."

"चालणारच. पोर गेली तेव्हा तुमच्या भावना कुठं झोपा काढत होत्या?"

आत शिरून त्यांनी चांगल्या पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि रस्त्यात पेटवला. माझा मुलगा भिंतीला चिकटून उभा.

"आई, माफी मागून टाक. मिटेल सगळं."

"मागते की."

शिंपीणबाई पत्रकं न्यायला आलेली, मशीनमागे उभी होती. मी तिच्यापुढे हात जोडले. "बाई, तुझ्या पोरीचं तोंड आम्ही खराब कागदावर छापलं. चुकलं आमचं."

पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं मात्र त्याच्याकडे बघितलंही नाही.

"चांगलं एकही उरलं नाही का?"

सुनेनं मान हलवली.

"मग तो तरी द्या," फौजदाराच्या हातातल्या कागदाकडे बघत ती म्हणाली.

फौजदारानं कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"तो मिळणार नाही. पुरावा आहे," तो म्हणाला, आणि सुनेला गाडीत बसायला सांगितलं.

मीही चपला घातल्या.