आकडा सांगा, दादा

"चार... सात... सात... शून्य!" टेकाडावरून पुष्पाबाई ओरडली. "पुढला दोन वारा खायी गया वं! थांबा, परत इचारस!"

खाली अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या बायका खिदळल्या.

"रुपसिंगभाऊना आकडा शे तो. त्यानं बोलनंच तसं, अर्धं पोटमा ऱ्हास," कुणीतरी म्हणालं आणि रुपसिंगच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

अंगणवाडी सेविका यशोदाबाई मात्र हसल्या नाहीत. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला सरकारी मोबाईल त्यांनी जरा सरळ केला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. करवंदपाड्यात नेट यायचं ते फक्त या खिडकीत, आणि बोलणं नीट व्हायचं ते फक्त मागच्या टेकाडावर. त्यामुळे कामाची एक रीत पडून गेली होती. खिडकीपाशी यशोदाबाईंनी वहीत बघून आईचा आधार नंबर टाकायचा. त्याला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकड्यांचा मेसेज जायचा. हे मोबाईल बहुतेक नवऱ्यांचे, आणि नवरे सुरतेला, नाशिकला, नाही तर ऊसतोडीला. मग मदतनीस पुष्पाबाई कार्डांचा गठ्ठा घेऊन टेकाडावर उभी राहायची, कार्डावर छापलेला नंबर फिरवायची, "आकडा सांगा, दादा" म्हणायची, आणि मिळालेला आकडा तिथूनच खाली ओरडायची. सगळा पाडा ऐकायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आज शेवटचा दिवस होता. साक्रीच्या कार्यालयातून मॅडमचा सकाळीच फोन आला होता. "यशोदाबाई, संध्याकाळपर्यंत सगळी नावं हिरवी पाहिजेत. जे नाव लाल राहील त्याचा शिधा बंद. मग मला म्हणू नका."

रुपसिंगच्या बायकोचं नाव हिरवं झालं. आता यादीत एकच लाल उरलं होतं: सोनल, वय साडेतीन, आईचं नाव मोनाली.

मोनाली या पाड्यातली नव्हती. दीड महिन्यापूर्वी ती पोरीला कडेवर घेऊन जमनाबाईच्या घरी आली. भाची आहे, नवरा सुरतेला कामाला आहे, असं जमनाबाई सांगायची. सोनल रोज अंगणवाडीत यायची, चिंचोके मोजायची, खिचडी खायची. नाव यादीत टाकायला मोनालीचं कार्ड लागत होतं, आणि कार्ड मागितलं की मोनाली म्हणायची, पेटीत आहे, उद्या आणते. असे पंधरा उद्या झाले. शेवटी परवा यशोदाबाई चारचौघींत हसत म्हणाल्या होत्या, "चोरी करेल शे का तू, कार्ड दखाडाले घाबरस ते?" सगळ्या हसल्या. मोनालीही हसली, आणि काल मुकाट्यानं कार्ड घेऊन आली. "फक्त नंबर लिखी ल्या, अक्का," एवढंच म्हणाली.

यशोदाबाईंनी नंबर टाकला, बटण दाबलं आणि टेकाडाकडे हात हलवला.

या वेळी वाऱ्यानं काहीच खाल्लं नाही. दोन मिनिटांत पुष्पाबाईचा खणखणीत आवाज आला. "मोनालीना आकडा! दोन, नऊ, नऊ, एक, पाच, तीन!"

नाव हिरवं झालं. यशोदाबाईंनी सुस्कारा सोडला.

मोनाली हापशावर सोनलचे हात धूत होती. डाव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं, म्हणून कुणी बोललं की ती मान वळवून उजवा कान पुढे करायची. आताही तिनं तशीच मान वळवली, आणि मग पोरीचा ओला हात तसाच धरून धावत आली.

"अक्का, मना आकडा? माले ते मोबाईल नही. कोनी दिधा?"

यशोदाबाई उत्तर द्यायच्या आत पुष्पाबाई टेकाड उतरून, पदरानं घाम पुसत आलीच. "काय गोड बोलस वं तुना मालक! बाकीना शिव्या देतस, कामना टाइमले फोन लावस म्हनीसन. हाऊ म्हने, मावशी, कोणत्या गावाहून बोलता? मी सांगं, करवंदपाडा, तालुका साक्री. म्हने, माझी सोनू बरी आहे ना? अन् पटकन आकडा दिधा."

मोनाली ओट्याच्या पायरीवर बसली नाही, खाली मातीतच बसली.

"काय व्हयनं?" पुष्पाबाईनं विचारलं.

"तो सुरतले नही शे," मोनाली म्हणाली. "धुळाले शे." तिचा हात डाव्या कानावर गेला होता. "दोनदा मना मायबापना घर जाई उना. भाऊले मारं. आठे मी शे हाई कोनलेच माहीत नव्हतं."

 

यशोदाबाईंना परवाचं स्वतःचंच हसणं ऐकू आलं. त्यांनी मोबाईल सुतळीतून ओढून काढला आणि यादी उघडली. हिरवं नाव दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं. लाल नाव हिरवं करायची सोय त्यांच्या हातात होती, हिरवं झालेलं पुसायची नव्हती. ते फक्त साक्रीच्या कार्यालयातून होत होतं. आणि पुसलं असतं तरी गाव त्याला कळलंच होतं. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. मोटारसायकलवर धुळ्याहून साक्री तास-सव्वा तास, पुढे खड्ड्यांचा रस्ता. दीडपर्यंत माणूस दारात.

"घरले जा. जमनाबाईले सांग, अन् नीघ," त्या म्हणाल्या.

"मी डोंगरपल्याड, मावशीनी..."

"माले सांगू नको!" यशोदाबाईंचा आवाज एवढा चढला की आतली पोरं दारात आली. मग त्या खाली वाकल्या, मोनालीच्या उजव्या कानापाशी. तेवीस वर्षं पोरांना शिकवताना जो आवाज लावला होता, तोच त्यांनी लावला. "माले माहीत ऱ्हायनं ते तो मना तोंडमाईन काढी लेई. माहीतच नही ते काय काढी? कोनलेच सांगू नको. जथा जाशी तथा पहिलं काम, आधारनं केंद्र. मोबाईल नंबर बदली ले. त्याले नवरा लागत नही. बोट लागस, अन् बोट तुनं शे. तोवर हाई कार्ड कोनलेच दखाडू नको. सांग बरं, पहिलं काम काय?"

"नंबर बदलना," मोनाली म्हणाली.

"अन् तोवर?"

"कार्ड दखाडना नही."

पुष्पाबाईनं गठ्ठ्यातून कार्ड काढून दिलं.  मोनालीनं कार्ड पोलक्यात खोचलं, सोनलला उचललं आणि ती गेली. बायकाही एकेक करून उठल्या. 

यशोदाबाईंनी पोरांना आत घेतलं आणि चिंचोके वाटले. पाच-पाचचे ढीग करायचे होते. पोरं मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. त्या प्रत्येकापाशी बसत होत्या. पण कान रस्त्याकडे होते. बाराच्या सुमारास, पुन्हा खिडकीत बांधलेल्या मोबाईलवर मॅडमचा फोन आला, तुटक ऐकू येणारा. "शंभर टक्के! तालुक्यात तुमचं केंद्र पहिलं, बरं का." यशोदाबाई "हो" म्हणाल्या. पोर निघून गेली, हे मात्र सांगितलं नाही.

सव्वाला गाडी आली.

माणूस तिशीचा, धुतलेल्या शर्टातला. दारात चपला काढून, हात जोडून आत आला. "नमस्कार ताई. मी गोपाल. सकाळी आकडा दिला तो."

"या. पोरांची वेळ चालू आहे."

"दोनच मिनिटं. मोनालीला बोलवा. दोघींना घेऊन जातो. घरी माझ्या आईनं जेवण सोडलंय."

"मोनाली इथं नाही."

"मग कुठं आहे?"

"मला माहीत नाही."

खरं बोलणाऱ्याचा आवाज कापत नाही, असं त्या पोरांना नेहमी सांगायच्या. त्यांचा कापला.

गोपालनं खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स काढली आणि त्यांच्या पुढे धरली. "तुम्ही शिकलेल्या आहात, वाचा ना. हे तिचं कार्ड. तिच्या नावाखाली नाव कोणाचं? माझं. पत्ता कोणाचा? माझा. मोबाईल? माझाच. सरकारनंच लिहिलंय, मी नाही. मग आपल्यात लपवायचं काय? तुमच्या मोबाईलात तिचा इथला पत्ता असेल. तेवढा दाखवा."

यशोदाबाई उठून त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये उभ्या राहिल्या. "ती नोंद आई आणि मुलीची आहे. मला दाखवता येत नाही."

"मी बाप आहे सोनूचा."

"असाल. कार्यालयात अर्ज करा."

"करेन ना. तुमचं नावही घालीन त्यात." तो हसला. आवाज अजिबात चढला नव्हता. "रिटायर व्हायला किती वर्षं राहिली, ताई?"

"दोन."

"मग जपा."

तो वळला. भिंतीला लागून सोळा पोरं चिंचोक्यांच्या ढिगांमागे बसली होती. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि त्यानं मूठभर चॉकलेटं काढून जमिनीवर ठेवली.

"माझी सोनू कोणाची मैत्रीण आहे रे? कोणाला माहीत आहे ती कुठं गेली? सांगेल त्याला दोन."

रंजू जमनाबाईच्या शेजारची, आज उशिरा आलेली. तिनं सकाळी सगळं पाहिलं होतं. गाठोडं पाहिलं होतं, मोनाली कुठल्या वाटेनं गेली तेही पाहिलं होतं, आणि आपल्याला उत्तर येतं म्हणून तिचा चेहरा फुलला होता. ती गुडघ्यांवर उठली.

खोटं बोला असं यशोदाबाईंनी एकाही पोराला आजवर शिकवलं नव्हतं. आता शिकवायला वेळही नव्हता.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, आणि पुढचे शब्द रोजच्या सवयीनं, रोजच्याच चालीवर बाहेर आले. "हाताची घडी, तोंडावर बोट."

सोळा पोरांनी हाताच्या घड्या घातल्या. सोळा बोटं तोंडावर गेली. रंजूचं सगळ्यात शेवटी गेलं, पण गेलं.

 गोपालनं चॉकलेटं उचलून खिशात टाकली. जाताना चुलीपाशी थांबला. "मावशी, तुम्हीच ना त्या फोनवरच्या? तेव्हा तर छान बोलत होता."

पुष्पाबाईनं खिचडी ढवळणं थांबवलं नाही.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो खाली रस्त्याकडे गेला नाही, वर पाड्याकडे गेला. मग बंद पडला. यशोदाबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. एक दार वाजलं. कुत्री भुंकली. दुसरं दार वाजलं. कुणाचंतरी "माहीत नही, भाऊ," तुटक ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. चुलीतलं लाकूड तडकलं तशा त्या दचकल्या.

गाडी पुन्हा सुरू झाली. आवाज जवळ आला, अंगणवाडीवरून पुढे गेला, उतारावर लागला, आणि साक्रीच्या अंगाला बारीक होत होत संपला.

त्यांनी वळून पाहिलं. पोरं अजून तशीच बसली होती. धाकट्यांपैकी एकाचं बोट लाळेनं ओलं झालं होतं, रंजूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बाईंनी सोडवल्याशिवाय कुणी बोट काढलं नव्हतं. चुलीपाशी पुष्पाबाई बसली होती, एका हातात पळी, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

पोरांना सोडवायला एकच शब्द पुरे होता. तो उच्चारण्याआधी यशोदाबाईंनी पुन्हा एकदा रस्त्याकडे कान दिला.