चौथी पकड

उपांत्य सामना संपला तेव्हा सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून एक शिट्टी आली, तीही कौतुकाची नव्हती.

जिंकलेल्या दोघी बहिणी खुर्च्यांवरून उठल्या. थोरली कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. दिवसभर कापडाच्या थप्प्या कापायच्या आणि सुट्टीच्या दिवशी धाकटीबरोबर जोडीने हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायचा, असं गेली सहा वर्षं चाललं होतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची.

खेळ सोपा होता. हवेत तरंगणारा एक चौथरा, त्यावर दोन विरुद्ध दोन. खाली पडलं की जोडीच्या तीन जीवांतला एक गेला. आठ मिनिटं संपताना ज्या जोडीचे जीव जास्त, ती जिंकली. बहिणींना सापडलेली युक्ती मात्र कुणी पाहिली नव्हती. थोरलीचा पैलवान चौथऱ्याच्या पोटाखाली उडी मारून धाकटीच्या पंखवालीला पकडायचा. धाकटी पकड सोडवायची, तशी दोघंही जरा वर उसळायची. उसळली की थोरली पुन्हा पकडायची. ठेका चुकला नाही तर दोघं तिथं कितीही वेळ लटकू शकत होती, आणि त्यांना मारायला खाली येणारा स्वतःच पडून मरत होता. एका जीवाची आघाडी घ्यायची आणि खाली जाऊन घड्याळ संपवायचं.

पंचांनी नियमांची पुस्तिका दोनदा चाळली. ते अग्निशमन दलात होते, पण आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"यात बंदी नाही," ते म्हणाले. "आणि स्पर्धा अर्ध्यावर असताना नवा नियम मी करणार नाही. पण बाई, तुम्हाला स्वतःला हे पटतं का?"

"पुस्तिकेत नाही ना? मग झालं तर," थोरली म्हणाली.

धाकटी आपला कंट्रोलर उचलून अंतिम सामन्याच्या खुर्चीकडे निघाली.

अंतिम सामन्याला समोर छापखान्यातले दोघे होते. पंधरा वर्षं एकाच यंत्रावर काम केलेले, एकमेकांकडे न बघता खेळणारे. पहिली पाच मिनिटं कुणीच कुणाच्या हाती लागेना. मग धाकटीने त्यांच्यातल्या टकल्याला कडेवर गाठलं आणि खाली लोटलं. बहिणींचे तीन जीव, छापखान्याचे दोन. घड्याळात तीन मिनिटं.

"खाली चल," थोरली पुटपुटली.

"ताई, समोरासमोर होईल गं आपल्याच्याने."

"आघाडी हातात आहे. चल म्हणते ना."

दोघी खाली उतरल्या. पकड, सूट, पकड, सूट. धाकटी ओठातल्या ओठात एक-दोन मोजत होती. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी खुर्ची मुद्दाम सरकवली, मग सगळं चिडीचूप झालं. छापखान्याचे दोघे चौथऱ्याच्या कडेला येऊन उभे राहिले. खाली उडी घ्यायचा मूर्खपणा त्यांनी केला नाही. टकल्याने तर कंट्रोलर मांडीवर ठेवला. तो पडद्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर थोरलीच्या उजव्या हातावर होती.

दोन मिनिटं. एक पन्नास.

धाकटीला आधी ते कानांनी कळलं. थोरलीच्या बटणाचा आवाज ठेक्याच्या केसभर मागे पडला होता. पुढच्या वेळी आणखी जरासा. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ताईचं मनगट सुजून गोल झालं होतं आणि अंगठा थरथरत होता.

"ताई, हात."

"गप. मोज."

एक चाळीस. पंखवाली दोन बोटं खाली घसरली तेव्हा कुठे पकड बसली. एक पकड हुकली असती तर दोघी एकदम गेल्या असत्या. एक तीस. तिने पकड सोडवली, आणि पुन्हा पकडीत जायच्या ऐवजी पैलवानाला खालून लाथ घालून वर, चौथऱ्यावर फेकलं. पाठोपाठ स्वतः वर आली.

"काय केलंस हे?" थोरली दातओठ खात म्हणाली.

"तू नुसती ढाल धर. बाकीचं मी बघते."

टकल्याने कंट्रोलर उचलला होता. पुढचं दीड मिनिट धाकटी एकटी दोघांशी लढली, आणि जीव तोडून लढली. थोरलीची ढाल अर्ध्या मिनिटात फुटली, पैलवान गेला. दोन-दोन. धाकटीने एकदा दोघांनाही कडेपर्यंत रेटलं, तेव्हा सभागृहातले लोक उभे राहिले. चार सेकंद असताना छापखान्याच्या दुसऱ्याचा गुडघा तिला बसला. पंखवाली पडद्याच्या बाहेर गेली आणि घड्याळ वाजलं.

आता टाळ्या वाजल्या. थोरली त्या ऐकायला थांबली नाही.

धाकटीला ती स्वच्छतागृहात सापडली. मनगट नळाखाली धरून उभी होती.

"जिंकलेला डाव घालवलास."

"दीड मिनिट ठेका धरला असतास?"

"धरला असता."

"नसता, ताई. कधीपासून आहे हे?"

थोरलीने नळ आणखी सोडला. "आठ महिने. डॉक्टर म्हणाले कटिंग सोड, खेळ सोड. कटिंग सोडून खाऊ काय? मग म्हटलं, खेळात तरी असं काहीतरी शोधावं की हाताला पळायला नको. नाहीतर तू दुसरी जोडीदारीण बघितली असतीस."

"मी कुणाला बघणार होते?"

"चांगली खेळतेस तू. कुणीही घेतलं असतं."

धाकटीला राग आला आणि रडूही आलं. तिने पर्समधला स्कार्फ काढून पाण्यात भिजवला आणि ताईच्या मनगटाला घट्ट गुंडाळला. "आधी सांगायचं होतंस," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात थोरलीच्या हाताला पट्टी बांधली गेली. कारखान्याने तिला दोन महिने आखणीच्या टेबलावर बसवलं. धाकटीने जोडीच्या स्पर्धेत नाव दिलं नाही, एकेरीत दिलं.

एका दुपारी पंचांचा फोन आला. नवीन नियम लिहायला घेतला होता, पण शब्द जमत नव्हते. "लटकायचं नाही असं लिहिलं तर साधे खेळाडूही त्यात अडकतात. तुम्हीच सांगा, बाई, नेमकं काय थांबवायचं?"

थोरलीने फोन डाव्या हातात घेतला आणि थोडा विचार केला.

"साथीदाराला चौथऱ्याखाली लागोपाठ तीनदा पकडलं तर चालेल, पडता पडता तेवढं लागतं," ती म्हणाली. "चौथ्या पकडीला पंचाने सामना थांबवावा. लिहून घेताय ना?"