टेकडीवरची हजेरी

शत्रूची अख्खी पलटण दिवसभर एकट्यानं थोपवून धरणारा वीर कोण, असं आमच्या गावात कुणालाही विचारा, माझंच नाव सांगतील: होझिया ब्लेड्सो. आता मीच लिहायला बसलोय म्हणून सांगून टाकतो, की त्या दिवशी मी त्या टेकडीवर नव्हतोच. थोपवून धरलं ते गवतानं.

त्याचं असं झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, टेनेसीतल्या त्या टेकडीवर आमच्याकडे माणसं थोडी, तोफा त्याहून थोड्या, आणि समोरच्या झाडीत बंडवाले उदंड. तेव्हा कॅप्टनला माझी आठवण झाली. शाळेत मी फार टिकलो नाही, पण मास्तरांच्या खुर्चीत मास्तरांचाच कोट घातलेलं बुजगावणं बसवून वर्गाला अर्धी सकाळ मुकाट पाढे घोकायला लावले होते, ही कीर्ती माझ्याआधी फौजेत पोचली होती. मी ओंडके कापून घेतले, डांबर नि काजळी फासून काळेभोर केले, मोडक्या गाड्यांच्या चाकांवर चढवले, की झाल्या तोफा. जुन्या कोटांत गवत कोंबलं, की झाले गोलंदाज. आणि अगदी शेवटच्या तोफेपाशी, उगाच गंमत म्हणून, मी मलाच बसवलं. माझा कोट, माझी टोपी, आणि पिठाच्या पिशवीवर कोळशानं काढलेलं माझं तोंड, या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं. माझा तंबूतला जोडीदार एनॉस व्हिटकम संध्याकाळी त्याच्यापाशी बराच वेळ तंबाखू मागत बसला होता. "देतोस का नाही, लेका?" मी मागून म्हणालो, "सोड त्याचा नाद. तो माझ्याहून कंजूष आहे."

सकाळी धुकं उतरलं. असं धुकं, की आपण हात पुढं करावा आणि तो दुसऱ्याच कुणीतरी पुढं केल्यासारखा वाटावा. त्याच्या आडोशानं निघून जायचा हुकूम आला. एनॉस पुढच्या पहाऱ्यावर होता. तिकडे गोळ्या वाजल्या आणि मग काहीच वाजलं नाही, तेव्हा तो मेला असं सगळ्यांनी धरलं. खऱ्या तोफांच्या चाकांना घोंगड्या गुंडाळून आम्ही उतरलो. त्या उतरणीचं मला आठवतं ते एवढंच, की मी फार हलका झालो होतो, पायाखाली दव होतं आणि ते मला लागत नव्हतं. लढाईतून जिवंत सुटलेल्या माणसाला तसंच वाटत असणार, असं मी पुढं कित्येकांना रंगवून सांगितलं.

घरी आलो तर आईचं वेगळंच. दारात माझ्याकडे ती बघतच राहिली, बघता बघता जेवण करपलं. दुसऱ्या दिवशी चूल पेटेना, म्हणून भिंतीवर खुंटीला टांगलेली एक बुटकी, जुनाट खुर्ची होती, पाठीवर कसलासा पक्षी खरवडलेला, ती मी फोडून आत सारली. त्यानंतर कित्येक दिवस आई माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. पोरगा लढाईवरून धडधाकट परत आला त्याचं कौतुक नाही, आणि लाकडाच्या तुकड्यासाठी रुसवा! हा किस्सा मी गुत्त्यात सांगितला की लोक खो खो हसायचे. अजून हसतात.

एनॉस मेला नव्हता. शत्रूच्या तुरुंगातून तो हाडांचा सापळा होऊन आला, आणि आल्यापासून त्यानं माझी एक खोडी काढली आहे. दर मे महिन्याच्या अखेरीस, थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, आम्ही उरलेले म्हातारे निळे कोट चढवून दफनभूमीत जमतो आणि सार्जंट मॅक्रे हजेरी घेतो, जिवंतांची आणि मेलेल्यांचीसुद्धा. जिवंत माणूस "हजर" म्हणतो. मेलेल्याचं नाव आलं की त्याचा जोडीदार, तो जिथं पडला त्या जागेचं नाव घेतो. माझं नाव पुकारलं गेलं की मी तोंड उघडायच्या आत एनॉस म्हणतो, "टेकडीवर." लोक हसतात. मीही हसत आलो. दुसऱ्याची चांगली खोडी मला कळते.

पण गेल्या वर्षी कुणी हसलं नाही. सार्जंटनं टोपी काढली आणि पुढच्या नावाकडे वळला. आणि फुलं वाहत निघालेल्या शाळेच्या पोरींपैकी एकीनं, अगदी सहज, तांबड्या फुलांचा एक गुच्छ माझ्या बुटांपाशी ठेवला.

यंदा डॉक्टर म्हणतात, एनॉसची ही शेवटची हजेरी. तो आपलं म्हणणं मागं न घेता गेला, तर माझं नाव मला परत देणार कोण? म्हणून हजेरीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. त्याची दृष्टी गेली आहे. तो व्हरांड्यात बसून खुर्च्यांच्या बैठकी विणत असतो, सभोवती गवताच्या काड्यांचा नुसता पसारा, आणि बाहेर सफरचंदाचा शेवटचा बहर इतका सावकाश गळत होता की पाकळ्या खाली येताहेत की वर चालल्यात ते कळू नये.

"कोण आहे?"

"तुझा बाप."

"त्याची पावलं वाजायची. ये, हसऱ्या, बस." तो मला नावानं हाक मारत नाही. कधीच मारली नाही. तुरुंगातून आल्यापासून मी 'हसऱ्या'च. सुनेनं मक्याची भाकरी ठेवली होती, ती त्यानं चाचपून माझ्याकडे सरकवली.

"उद्या माझी हजेरी मी देणार," मी म्हणालो.

"दे की. तोंड तुझं आहे."

"आणि तू गप्प बसणार."

"ते नाही जमायचं. मेल्या माणसाला शब्द दिलाय, त्याची जागा सांगायचा."

"अरे मेंढरा, तो मेला माणूस म्हणजे मी! आणि मी तुझ्यासमोर बसून तुझी भाकरी खातोय."

"खा. काकवी घे तिच्यावर."

मग विणता विणताच तो सांगू लागला. मांडीत गोळी घेऊन धुक्यातून रांगत तो टेकडीवर आला, तर आम्ही सगळे गेलेलो. शेवटच्या तोफेपाशी मात्र एक जण बसला होता. त्यानं एनॉसचं डोकं मांडीवर घेतलं आणि संध्याकाळी शत्रू वर येईपर्यंत तो बोलत राहिला.

"गवत होतं ते, एनॉस. माझ्या हातानं भरलेलं."

"गवत पाणी पाजत नाही."

"तुला ताप होता."

"असेल. पण तापात माणूस स्वतःचं बरळतो. मी ऐकलं ते माझं नव्हतं. तो सारखा लेटीचं सांगत होता."

"कोण लेटी?"

त्याचे हात थांबले. एवढ्या वर्षांत त्याचे हात थांबलेले मी पाहिले नव्हते.

"त्याची धाकटी बहीण," तो हळूच म्हणाला. "घटसर्पानं गेली. तिच्यासाठी त्यानं स्वतः एक लहानशी खुर्ची केली होती, पाठीवर चिमणी कोरलेली. पोर गेल्यावर आईनं ती भिंतीवर टांगून ठेवली. कुणाला हात लावू देत नसे."

मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं; माझं तोंडच तसं आहे. बहिणीचा चेहरा आठवायला मी जितका आत गेलो, तितके मला माझेच किस्से भेटत गेले, मास्तरांचा कोट, गुत्ता, चुलीतली खुर्ची, सगळे चारचौघांत सांगून गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्या मागं काहीच नव्हतं. दाबलं की नुसतं खसखसत होतं.

"मग मी कोण रे, म्हाताऱ्या?"

एनॉसनं हात पुढं केला, माझी बाही चाचपली आणि तिच्यावरची एक काडी अलगद काढून हातातल्या विणीत घातली.

"मीही त्याला विचारलं होतं, की खाली कोण उतरून गेलं," तो म्हणाला. "तर म्हणाला, 'माझ्या जागी एक धाडलाय घरी, आईला बरं वाटावं म्हणून. हसरा आहे. त्याला ठाऊक नाही, तूही सांगू नकोस.' इतकी वर्षं मी नाही सांगितलं, हसऱ्या. तूच विचारायला आलास."