रायभानचं नाव

पेडगावच्या धुरपताबाईच्या घरात एक नाव घ्यायला बंदी होती. ते नाव होतं रायभान, आणि रायभान हा धुरपताबाईचा स्वतःचा, पोटचा मुलगा! बत्तीसाव्या वर्षी तो तापानं गेला. त्याला आठ महिने झाले, पण त्या घरात कुणी त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. अगदीच नड पडली तर ‘त्यो’ म्हणायचं आणि लगेच जमिनीला हात लावायचा. त्याची घोंगडी नदीत सोडून दिली होती, काठी जाळली होती, आणि तो परत आत येऊ नये म्हणून गावचा भगत आश्रुबा यानं उंबऱ्यात बोटभर लांबीचा खिळा ठोकला होता. वाचकहो, हसू नका. तरणा माणूस गेला की त्याची इच्छा मागे राहते आणि तो घराभोवती घुटमळतो, ही भीती आपल्यापैकी किती घरांत आहे ते ज्यानं त्यानं आपल्याशीच आठवून पाहावं.

तसा रायभान कसा होता? मेंढरं राखणारा साधा माणूस. आपली एकुलती एक मुलगी बायना चालायला लागायच्या आधी तो तिला झोळीत घालून रानात न्यायचा, एका खांद्यावर कोकरू, दुसऱ्या खांद्यावर लेक. देवी टोचायला सरकारी माणूस आला तेव्हा बायनानं रडून गोंधळ घातला, तर या गड्यानं आधी आपला दंड पुढे केला, म्हणाला, मला टोचा, तिला बघू द्या. निजामाचं राज्य गेल्यावर गावात मुलींची शाळा निघाली, त्यात मेंढपाळाच्या घरची पहिली पोर रायभाननंच नेऊन बसवली. लोक चेष्टा करायचे. आता मेंढरांची हजेरी घेणार का तुझी लेक, म्हणायचे. तो पण हसायचा आणि शाळा सुटेपर्यंत कळप घेऊन आसपासच्या पडीक रानात रेंगाळायचा. ‘लेकीत जीव आहे त्याचा,’ असं सारं गाव कौतुकानं म्हणत असे.

तो गेला आणि तेच वाक्य गाव दबक्या आवाजात म्हणू लागलं. लेकीत जीव होता त्याचा. म्हणजे तो तिला न्यायला येणार! माणसाची माया जितकी जास्त तितकी मेल्यावर त्याची भीती जास्त, असा उलटा हिशेब आपल्या लोकांनी कधी मांडला कोण जाणे. आठ वर्षांच्या बायनाला आजीनं बजावलं होतं की ‘बा’ हा शब्द तोंडातून काढशील तर तो ऐकेल. पोर काय बोलणार? तिनं तोंड मिटून घेतलं.

आणि मग बायनाला ताप आला. आधी अंगावर काटा, मग हुडहुडी, दातावर दात वाजायचे. दोन वाकळा घातल्या तरी पोर थरथरायची. पुढे अंग भाजायला लागायचं, ती बडबडायची, घाम फुटायचा आणि झोप लागायची. दुसरा दिवस बरा जायचा. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली की पुन्हा तेच. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी तापाच्या ग्लानीत बायना स्पष्ट म्हणाली, “बा, मेंढरं पाण्यावर घातली का?” तिची आई कासाबाई हातातलं भांडं तसंच टाकून भिंतीला चिकटली. ज्या माणसाबरोबर तिनं दहा वर्षं संसार केला, ज्यानं तिला कधी उणा शब्द ऐकवला नाही, त्याच माणसाची चाहूल लागते का म्हणून ती आता कान देऊन बसली होती. दाराबाहेर शेळी खाकरली तरी तिचा जीव उडायचा.

आश्रुबाला बोलावणं गेलं. त्यानं पोरीची नाडी धरली, वेळ विचारली आणि मान हलवली.

“रोज येत न्हाई, दिसाआड येतोय. त्येची मेंढरं पाण्यावर घालायची येळ हीच व्हती. लेकीला न्यायलाय त्यो. परवा अवस हाय. इळा लाल करून कपाळाला अन् तळपायाला डाग देतो, मंग सुटंल ती. तवर पोटात आन्न जाऊ द्यायचं न्हाई.”

धुरपताबाईनं हात जोडले. कासाबाईनं पोरीच्या कपाळाकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. डाग दिला नाही तर मुलगी जाणार, आणि दिला तर? तिला काही सुधरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ताप नसलेल्या दिवशी, मुलींच्या शाळेच्या सुमंगलाबाई घरी आल्या. परभणीहून बदली होऊन आलेल्या या बाई गावात एकट्या राहत. बायना दहा दिवस शाळेत का आली नाही, हे विचारायला त्या आल्या होत्या. पोरीचं पिवळं पडलेलं तोंड त्यांनी पाहिलं, आणि कासाबाईनं भीत भीत सगळं सांगितलं. बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते हेच की ताप किती दिवसांनी येतो आणि किती वाजता.

“अहो, हा हिवताप आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या शाळेतल्या सहा मुली याच तापानं घरी बसल्यात, आणि सगळ्यांना दिवसाआड दुपारीच येतो. रायभान काय सहाही घरी जातोय?”

नाव ऐकताच धुरपताबाईनं जमिनीला हात लावला. कासाबाई मात्र हळूच बोलली. “त्येंला बी असाच दिसाआड ताप यायचा, बाई. आश्रुबा म्हणला, मामंजीनं धरलंय. पंधरा दिस उतारे केले. मंग गेले.”

“आणि मामंजी कशानं गेले?”

“तापानंच,” धुरपताबाई चटकन म्हणाली. “त्येंला त्येंच्या थोरल्या भावानं धरलं व्हतं.” एवढं बोलून म्हातारी थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

“म्हणजे या घरात जो गेला त्याच्यावर पुढच्याच्या मरणाचा आळ घेतलात,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “आजी, उद्या ही पोर गेली तर हिच्या नावाचा खिळा कुणासाठी ठोकणार?”

म्हातारी संतापली. “तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठिवा, मास्तरीणबाई. तुमच्यात न्हाई असलं काही. आमच्यात असतंय.”

बाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या की त्यांचे वडील गेले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्याकडे खिळा कुणी ठोकला नाही, पण आईला रडू येईल म्हणून वडिलांचं नावच काढायचं नाही, असं सगळ्या शहाण्या माणसांनी ठरवलं. फोटो ट्रंकेत गेला. “चार वर्षांनी मला त्यांचा चेहरा आठवेना, आजी. वडील एकदा देवानं नेले. दुसऱ्यांदा आमच्या घरच्यांनी नेले. भीतीनं नाव टाका की दयेनं टाका, पोर पोरकी होते ती होतेच. बायना दिवसा बापाचं नाव घेऊ शकत नाही, म्हणून ते तापात तोंडातून बाहेर पडतं. ते भूत नव्हे, ती आठवण आहे.”

जाताना त्यांनी कासाबाईला बाहेर बोलावून सांगितलं, परभणीच्या सरकारी दवाखान्यात या तापावर कोयनेलच्या गोळ्या मिळतात, उद्या शाळेला सुट्टी आहे, मी सोबत येते. कासाबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. सासूला विचारल्याशिवाय काही ठरवायची तिला सवय नव्हती, आणि सासूपुढे तोंड उघडायची तर नव्हतीच.

अवसेचा दिवस उगवला. दुपारी आश्रुबा आला, अंगणात चूल पेटवली आणि विळा निखाऱ्यात खुपसला. बायनाला घोंगडीवर बसवलं. दोन दिवसांची उपाशी पोर, अंगात हुडहुडी सुरू झालेली. विळ्याचं पातं हळूहळू तांबडं होताना तिनं पाहिलं आणि ती सगळा जीव एकवटून ओरडली, “बा! बा, मला ने इथनं!”

आश्रुबा ताडकन उठला. ऐका, म्हणाला, पोरीच्या तोंडानं त्यो कबूल झाला! शेजारपाजारची माणसं मागे सरकली. आणि कासाबाई? भीती तर तिलाही वाटत होती. पण तिनं लेकीचे डोळे पाहिले. ते डोळे दाराकडे नव्हते, आभाळाकडे नव्हते. ते विळ्याकडे आणि विळ्याभोवतीच्या माणसांकडे होते. कासाबाई पुढे गेली, पोरीला उचलून छातीशी धरलं आणि जन्मात पहिल्यांदा सासूशी वर तोंड करून बोलली.

“आत्या, ती कुणाला भ्याली ते बघा तरी. बाला न्हाई भ्याली. आपल्याला भ्याली! आपल्यापासून वाचवायला बाला बोलवायली ती!”

आश्रुबानं विळा उचलायला हात पुढे केला. त्याच वेळी धुरपताबाईनं रांजणावरची घागर ओढली आणि सगळं पाणी चुलीवर ओतलं. आश्रुबा शिव्याशाप देत निघून गेला. पोरीला काही झालं तर माझ्याकडे येऊ नका, असं तो फाटकातून म्हणाला, आणि ते ऐकून दोघी बाया पुन्हा भ्यायल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण भीती अशी एका घागरीनं विझत नाही. भीत भीतच त्यांनी कासाबाईच्या दिराची, सटवाजीची, गाडी जुंपायला लावली, सुमंगलाबाईंना वाटेत घेतलं आणि तापलेली पोर मांडीवर घेऊन परभणी गाठली. साऱ्या वाटेवर धुरपताबाई मागे वळून बघत होती.

दवाखान्यात म्हातारे कंपाउंडर चिठ्ठी लिहायला बसले. लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, “बच्ची का नाम? बाप का नाम?”

बायना, असं कासाबाईनं सांगितलं. पुढे तिची जीभ वळेना. एक तर नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, त्यात हे नाव. सुमंगलाबाई सांगू शकत होत्या, पण त्या मुद्दाम गप्प राहिल्या. कंपाउंडरांनी पुन्हा विचारलं, बाप का नाम बोलो, माँजी, त्याच्याशिवाय दवा कशी देऊ?

धुरपताबाईनं डोळे घट्ट मिटले. मग तिनं नातीच्या तापलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “रायभान. माझा ल्योक. रायभान.”

काहीच झालं नाही. वारा सुटला नाही, दार वाजलं नाही. कंपाउंडरांनी नाव लिहिलं आणि आठ दिवसांच्या कडू गोळ्या पुडीत बांधून दिल्या.

तिसऱ्या दिवशी ताप आला, पण थोडा. पाचव्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा सासू-सुना पोरीच्या दोन बाजूंना बसून होत्या. मेंढरं पाण्यावर घालायची वेळ आली आणि गेली. पोर गार होती. तिनं भाकर मागितली, आणि खाता खाता आजीकडे बघत भीत भीत विचारलं, “बा आता कवाच येणार न्हाई का?”

“न्हाई गं माय,” धुरपताबाई म्हणाली. “गेलेलं माणूस येत न्हाई. यावं असं लय वाटतंय, पर न्हाई येत.”

आणि मग ती म्हातारी रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा! मुलगा गेला त्या दिवसापासून ती त्याला भीतच होती, त्यामुळे त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. रडता रडता ती नातीला सांगत बसली, तुझा बा तुझ्याएवढा असताना कसा होता, काय खायचा, कशाला हट्ट धरायचा. कासाबाईही ऐकत होती, आणि तिला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यात निघाल्या.

बंधुभगिनींनो, ज्या बापानं जिवंतपणी लेकराला फुलासारखं जपलं, तो मेल्यावर त्याच लेकराचा वैरी कसा होईल? तापाला औषध असतं, ते वेळेवर द्या. आणि गेलेल्या माणसाचं नाव घरात मोठ्यानं घ्या, लेकरांसमोर घ्या. लवकर गेलेल्या बापाचं लेकरांपाशी तेवढंच उरतं, आणि ते आपण भीतीपोटी हिरावून घ्यावं, हे पाप आहे.