धक्क्याच्या पायऱ्या

सोआझिगने फाटकाबाहेर उभं राहून कॅमेऱ्यातला कॉफीच्या कपाचा फोटो पुसून टाकला. कपाशेजारी अर्धा खाल्लेला केक होता, मागे कॅफेची खिडकी. उरलेल्या फोटोंत लपवण्यासारखं काही नव्हतं. दोरीवरचे चिमटे, टपालपेटीचं गंजलेलं झाकण, धक्क्याच्या पायऱ्या. पायऱ्यांचे तर दोन होते, जातानाचा एक आणि येतानाचा एक. मग चेहरा जरा दमल्यासारखा करून ती आत शिरली.

"बेकरीत काय ती रांग!"

तिचा नवरा ग्वेनोले खुर्चीत होता, तिने बसवला होता तसाच. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"पाणी सांडलं," तो म्हणाला.

टेबलावरचा पेला काठोकाठ भरलेला होता. तिने पेल्याकडे पाहिलं, आणि तिने पाहिलेलं त्यालाही दिसलं.

चौतीस वर्षं बेटावरची बोट चालवलेला हा माणूस. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. सोआझिग घरात कोंडून घेऊन वाळत चालली, तेव्हा सकाळी येणाऱ्या रोझेन नर्सने तिला दटावलं होतं, "रोज अर्धा तास चालायला जायचं. सावकाश. आणि साध्यासुध्या वस्तूंचे फोटो काढायचे. सूर्यास्त वगैरे नको."

अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन. एका चिमट्याकडे पाच पाच मिनिटं पाहत राहायला ती शिकली, आणि घरी येऊन थापा मारायलाही. कधी रांग, कधी भेटलेली मैत्रीण.

तिने त्याला पुसलं, कोरडी पँट चढवली. ओल्या पँटचं तिला वाईट वाटलंच, पण खरं टोचत होतं ते वेगळंच. आजच्या दोन तासांत तिला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

"फोटो दाखव," तो म्हणाला.

"आज राहू दे. आणि उद्यापासून मी जाणार नाही. पुरे झालं ते खूळ."

त्याने उजवा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी तिने कॅमेरा दिला. अंगठ्याने एकेक फोटो पुढे सरकवत तो पायऱ्यांवर थांबला.

"इथे पाणी तिसऱ्या पायरीला आहे. आणि इथे खालचं शेवाळसुद्धा उघडं पडलंय." त्याने दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. "दोन तासांची ओहोटी. वर दहा मिनिटं असतील, ती तुला माफ."

सोआझिगचे कान तापले. इतक्या निगुतीने तिने सगळं पाहिलं होतं, फक्त समुद्र तेवढा राहून गेला होता. तोही एका नावाड्याच्या बायकोकडून!

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू घड्याळ बघत हिंडली असतीस."

तिला खुर्ची ओढायचंही सुचलं नाही. ती तिथेच, त्याच्या पायांशी बसली.

"रांगबिंग काही नव्हती. मी कॉफी पीत बसले होते. तू आठवलासही नाहीस मला, ग्वेनोले."

त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला.

"रोझेनला फोन केला मघाशी. उद्यापासून दुपारीही येईल ती. का ते सांगताना जीभ जड झाली माझी, पण सांगितलं."

"तुला ते आवडणार नाही."

"नाहीच आवडणार." त्याचा उजवा हात तिच्या केसांवर आला. "पण मंगळवारी तू तासाभरातच परत आलीस ना, ते त्याहून वाईट होतं. मला वाटलं, झालं, आता हीसुद्धा खुर्चीत बसली."